टायरचा सातबारा

भोर आणि वेल्हे तालुक्यांत ओझे ओढणारी वाहने तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरचा. दुसरा पिकअपचा, जिच्या पाठीवर माल असतो आणि मागे अधूनमधून मळणी यंत्र, काँक्रीट मिक्सर किंवा जनरेटर बांधलेला असतो. तिसऱ्या प्रकारात दुसऱ्याची रुतलेली गाडी दोर लावून बाहेर काढणारे कोणतेही वाहन मोडते. या क्रियेस टोचन म्हणतात. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. रस्त्यांनी मात्र आपला स्वभाव बदललेला नाही, म्हणून येथे जुनेच नाव ठेवले आहे.)

ही कामे वर्षभर एकामागून एक येतात. जून-जुलैत भातखाचरात चिखलणी, पाठोपाठ गुंजवणे आणि मढे घाटाच्या वाटेवर फसलेल्या पर्यटकांच्या मोटारी, दिवाळीच्या आगेमागे इंद्रायणी भाताची पोती, मग ऊस, आणि उन्हाळ्यात खडी, मुरूम, विटा, पाण्याचे टँकर. रस्तेही तसेच नाना तऱ्हेचे. नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हे असा एक. वेल्ह्याहून खानापूरकडे उतरणारा पाबे घाट दुसरा. भोरहून मांढरदेवीकडे चढणारा तिसरा. आणि नीरा-देवघर धरणाच्या कडेने जाऊन महाडकडे कोसळणारा वरंध घाट चौथा. शिवाय पुणे-बंगळूर महामार्ग आहेच. या सगळ्यासाठी टायरचा संच एकच असतो. कंपनीने तो एका कामासाठी बनवलेला असतो आणि मालकाने सर्व कामांसाठी घेतलेला असतो. टायरच्या पुढच्या सगळ्या तक्रारी या गैरसमजातून निघतात.

टायर केव्हा बदलावा, याबाबत कायदा आणि मालक यांच्यात जुना मतभेद आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून कंपन्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. उंचवटे सापडत नसतील तर आगकाडी वापरावी. तिची जाडी साधारण २ मिलिमीटर असते. खाचेत आडवी घातलेली काडी वर डोकावू लागली की दुकानाचा रस्ता धरावा. मालकवर्गाच्या मते टायरच्या अवस्था तीन : नवा, ‘चालतंय की अजून’ आणि गोटा. यांतली दुसरी अवस्था सर्वांत दीर्घ असते. काही घरांत तिसरीनंतर चौथीही मानतात, तीत तार दिसू लागते आणि मालक म्हणतो, “एवढा हंगाम काढू.”

खाचांचे काम शोभेचे नसते. ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी बाजूला सारायला त्या असतात. वरंध घाटात पावसाळ्यात पाणी इतके असते की प्रशासन अवजड वाहनांना, कधीकधी सर्वांनाच, घाट बंद करते. अशा ठिकाणी गोटा टायरवर ब्रेक दाबणे ही केवळ विनंती ठरते. शिवाय मागे ओझे बांधलेले असेल तर ती विनंती दोघांनी मान्य करावी लागते : पुढच्या वाहनाने आणि मागच्या ट्रॉलीने. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि मतही वेगळे असते.

नवा टायर घेण्यापूर्वी जुना वाचावा. हे काम कोणी करत नाही. जुना टायर म्हणजे वाहनाचा सातबारा. कोणी काय पिकवले आणि किती बोजा चढवला याची त्यात नोंद असते, आणि मालकाला ती नेहमीच अमान्य असते. टायर लवकर गेला की पहिला दोष कंपनीला, दुसरा रस्त्याला, तिसरा ड्रायव्हरला आणि चौथा ज्याने ‘हाच टायर घे’ म्हटले त्या मेव्हण्याला दिला जातो. हवा, वजन आणि धुरा यांचे नाव या यादीत येत नाही.

वाचन अवघड नाही. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती किंवा ओझे जास्त. टायरच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकच आहेत. मध्य झिजून कडा राहिल्या, तर हवा जास्त. हा प्रकार रिकाम्या परतणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकांत दिसतो, कारण हवा पोती मोजून भरलेली असते आणि पोती निम्मा वेळच असतात. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट गेलेले असते, किंवा किंगपिन आणि बुश ढिले झालेले असतात. नक्षीवरून तळहात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवती लागले, तर चाक किंचित तिरके धावते आहे. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो, आणि खिशाला सर्वांत शेवटी कळतो. जागोजागी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर थकलेले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ब्रेक लागून चाक घसरले आहे. त्याचा जाब घाटातल्या एखाद्या म्हशीलाच विचारता येईल.

तिरक्या चाकाबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण सर्वांत महाग झीज तीच. चाक प्रवासाच्या रेषेशी एक अंश तिरके असेल तर दर किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवे फरफटते. भोरहून पुण्याला जाऊन परत यायला साधारण १०० किलोमीटर पडतात. म्हणजे एका फेरीत टायर पावणेदोन किलोमीटर आडवा चालतो, आणि या प्रवासाचे भाडे कोणी देत नाही. असे वाहन नवा टायर घालून सरळ होत नाही. नवा टायरही त्याच रीतीने झिजतो, फक्त त्याची किंमत जास्त असते. म्हणून धुरा, टाय रॉड, बुश, पाटे यांची दुरुस्ती आधी आणि टायर नंतर, हा क्रम आहे. प्रत्यक्षात टायर आधी, पूजा नंतर आणि दुरुस्ती पुढच्या खंडेनवमीला, असा क्रम चालतो. नव्या टायरखाली चिरडलेले लिंबू दृष्टीपासून रक्षण करत असेल. टाय रॉडपासून करत नाही.

आता निवड. टायरच्या बाजूवर जे लिहिलेले असते ते वाचण्यासाठी असते, ही माहिती अजून सर्वदूर पोहोचलेली नाही. उदाहरणार्थ ‘७.०० आर १५ एलटी १२ पीआर’ यात ७.०० म्हणजे इंचांत रुंदी, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास, एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा आणि १२ पीआर म्हणजे ताकदीचा दर्जा. पूर्वी टायरात सुती कापडाचे थर असत आणि ते मोजले जात. आता थर कमी असून ताकद तेवढीच असते, पण आकडा जुना राहिला आहे. म्हणून १२ पीआरचा टायर कापून बारा थर शोधू नयेत.

याहून महत्त्वाचा आकडा भाराचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. पिकअपच्या मागच्या धुऱ्यावर माल, गाडीचे स्वतःचे वजन आणि मागे जोडलेल्या यंत्राचा दाब मिळून दोन टन येत असतील, तर मागच्या प्रत्येक टायरचा आकडा किमान १०८ हवा, आणि ‘ही एवढी एकच गोणी’ या परंपरेसाठी थोडा वर. फसगत होते ती अशी : त्याच मापाचा, त्याच रिमवर बसणारा, पण १०० आकड्याचा प्रवासी जीपचा टायर स्वस्त मिळतो. तो बसतो, फिरतो, दिसतोही देखणा. २०० किलोंचा फरक त्याच्या अंगातून उष्णता होऊन बाहेर पडतो. ओझ्याखाली टायरची बाजू दर फेऱ्याला दबते आणि सुटते. पिकअपच्या चाकाचे किलोमीटरमागे चारशेहून अधिक फेरे होतात. एप्रिलच्या दुपारी महामार्गावर टायर फुटतो तेव्हा लोक खिळा शोधतात.

मागे जोडटायर असलेल्या गाड्यांच्या टायरवर ‘११८/११४’ असे दोन आकडे असतात. एकटा असताना १३२० किलो, जोडीत असताना प्रत्येकी ११८०. जोडीत काम वाटले जाते, पण सारखे वाटले जात नाही, हे कंपनीने गृहीत धरलेले आहे. जोडीतला एक नवा आणि एक झिजलेला असेल तर मोठा सगळे ओझे उचलतो आणि लहान नुसता फरफटतो. दोघेही अकाली जातात. एक कष्टाने, दुसरा आळसाने. म्हणून जोडी सारख्या व्यासाची, सारख्या जातीची असावी, आणि दोहोंच्या मध्ये अडकलेला दगड घाटाच्या पायथ्यालाच काढावा.

रेडियल की नायलॉन, या वादाने टायरच्या दुकानांतला बराच वेळ घालवला आहे. रेडियल रस्त्यावर थंड राहतो, सरळ झिजतो, डिझेल कमी खातो. नायलॉनची बाजू जाड असते. खाणीच्या रस्त्यावर, धारदार दगडांत ती टिकते आणि किंमतही कमी. महामार्गावर धावणाऱ्या पिकअपने रेडियल घ्यावा. वेल्ह्याच्या आतल्या वाडीवर खडी टाकणाऱ्याने नायलॉन घेतला तर त्याला हसू नये. एका धुऱ्यावर एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीच घालू नये. असे वाहन प्रत्येक वळणावर दोन निर्णय घेते. चारांपैकी दोनच नवे परवडत असतील तर ते मागे घालावेत. ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरला तर सावरता येत नाही. रिमोल्ड, म्हणजे नवी नक्षी चढवलेला जुना टायर, पुढच्या चाकाला लावू नये. ट्रॉलीला लावला तर फक्त जपून चालवावे.

जन्मतारीख बघायला विसरू नये. बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात : ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. रबर न वापरताही वाळते, तडकते. पाच-सहा वर्षांच्या टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांच्या टायरला नक्षी कितीही शिल्लक असली तरी निवृत्त करावे. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, म्हणजे टायर पुणे जिल्ह्यातच जन्मतात. पण जिल्ह्यातला म्हणून तो ताजा असतो असे नाही. दुकानदाराने मागच्या फळीवरून काढून धूळ झटकलेला टायर हा सवलतीचा विषय आहे. ‘पीस एकच शिल्लक आहे, शेठ’ हे वाक्य ऐकताच लंबगोल शोधावा.

ट्रॅक्टरचे शास्त्र वेगळे. मागच्या मोठ्या टायरला उंच तिरक्या पट्ट्या असतात, आणि मागून पाहिले असता त्यांच्या ‘व्ही’ आकाराचे टोक वर दिसले पाहिजे. उलटा बसवलेला टायर चिखल बाहेर फेकण्याऐवजी जपून ठेवतो. चिखलणीला उंच पट्ट्या लागतात, बरेच जण लोखंडी केज व्हीलही जोडतात. पण तोच उंच पट्ट्यांचा टायर डांबरावर ओझे ओढत नेला की पट्ट्या पुढून-मागून तिरक्या घासतात आणि एका हंगामात बोथट होतात. ज्याचा ट्रॅक्टर बारा महिने खाचरात असतो आणि ज्याचा सहा महिने उसाच्या फडातून कारखान्याकडे धावतो, त्या दोघांना एकच टायर योग्य नाही. दुसऱ्याने रुंद, कमी उंचीच्या पट्ट्यांचा घ्यावा. शेजारी मात्र एकमेकांचा टायर बघूनच टायर घेतात.

पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरात पाणी भरतात. वॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्या पातळीपर्यंत भरले की टायर साधारण पाऊण भरतो. नांगरणीला हे चांगले. हंगाम संपल्यावर तेच पाणी डांबरावर फिरवत ठेवले तर टायर झिजतो आणि मालक डिझेल जाळून पाण्याची वाहतूक करत राहतो. उन्हाळ्यात टँकरमध्येही पाणी आणि टायरातही पाणी, असे ट्रॅक्टर तालुक्यात दिसतात. टायरवर ‘ए ८’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ताशी ४० किलोमीटर, ‘ए ६’ असेल तर ३०. रिकामी ट्रॉली घेऊन स्पीकर लावून परतणाऱ्या ट्रॅक्टरला हा नियम लागू नाही, असे ड्रायव्हर मानतो.

ट्रॉलीचा टायर हा अनाथाश्रमातला विषय आहे. ट्रकने टाकलेला, बसने नाकारलेला, भंगारातून परतलेला टायर ट्रॉलीला मिळतो. चार चाकांना चार कंपन्या, चार नक्ष्या आणि चार उंच्या. मालकाचा युक्तिवाद असा, की ट्रॉलीला इंजिन नाही, मग तिला टायर कशाला हवा? पण ऊस ट्रॅक्टरवर नसतो, ट्रॉलीवर असतो. धुरा वाकलेला असेल किंवा चेसिसला काटकोनात नसेल, तर ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे सरळ येत नाही, किंचित तिरकी चालते. मागून येणारा तिला ओव्हरटेक करताना दोन्ही बाजू एकदम बघतो. असा धुरा ओळखायला यंत्र लागत नाही : जोडणीच्या पिनपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरी धरावी, दोन अंतरे सारखी आली तर ठीक, नाहीतर वेल्डरकडे जावे.

ओझे कुठे ठेवले, यावरही टायर कसा झिजेल ते ठरते. दोन चाकांच्या ट्रॉलीत माल पुढे जास्त झाला की सगळा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरते, ट्रॅक्टर फिरत नाही. माल मागे जास्त झाला तर ट्रॉली ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलू पाहते, मागची चाके जागेवर फिरतात आणि पट्ट्या खरवडल्या जातात. पहिल्या संकटावर गावाने शोधलेला उपाय म्हणजे पुढे बंपरवर दोन माणसे बसवणे. या माणसांना कंपनीने दिलेली लोखंडी वजने हा अधिक टिकाऊ पर्याय आहे, आणि ती घाटात ओरडतही नाहीत. पोती एकाच बाजूला रचली तर त्या बाजूचा टायर आधी जातो. पोती रचणारा ज्या बाजूला उभा असतो, ती बहुधा हीच बाजू.

टोचनाविषयी थोडक्यात. पर्यटकाची मोटार चिखलातून काढताना ट्रॅक्टरने जागेवर चाके फिरवू नयेत. हळू ताण घ्यावा आणि गाडी सुटल्यावर थांबावे. झटका दिला की दोर तुटतो, मोटारीचा बंपर हातात येतो आणि टायरच्या पट्ट्या मुरुमात राहतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा मोबाइलवर व्हिडिओ निघतो, तिसरीचे बिल निघते.

उरली हवा. ती मोजण्याच्या या भागात रूढ पद्धती दोन : लाथ आणि नजर. लाथ-पद्धतीत मालक टायरला टाचेने एक ठोसा देतो, आवाज ऐकतो आणि मान हलवतो. मान कोणत्याही दिशेने हलली तरी प्रवास सुरू होतो. नजर-पद्धतीत शेजारी उभा असलेला माणूस म्हणतो, “बसलीय जरा,” आणि सर्वजण त्याच्याशी सहमत होऊन निघतात. रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो, म्हणून नजर त्याच्याबाबत हमखास चुकते. आणि जड मालाच्या टायरला लाथ मारून ६५ आणि ४५ पीएसआय यांतला फरक टाचेला कळत नाही. हवामापक काही शे रुपयांत मिळतो. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी मोजावे. घाट उतरल्यावर तापलेल्या टायरात आकडा जास्त येतो. तो बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी कमी हवेवर ओझे ओढणे होते. किती हवा भरायची, हे दारावरच्या किंवा पुस्तिकेतल्या तक्त्यात असते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे दिलेले असतात. पंक्चरवाल्याला विचारले तर तो एकच आकडा सांगतो, आणि तो सर्व वाहनांना, सर्व ऋतूंत लागू असतो.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करावेत. पुढच्यांच्या कडा वळणांवर घासतात, मागच्यांना ओझे वाहावे लागते; जागा बदलल्या की झीज वाटली जाते. जोडटायर नसतील आणि जातकुळी सारखी असेल तर स्टेपनीलाही या फेऱ्यात घ्यावे, नाहीतर ती नवी राहून म्हातारी होते. अदलाबदल केली की अलाइनमेंट तपासावे. वरंध किंवा पाबे घाटात खड्डा जोरात बसला असेल तर हजारांची वाट बघू नये.

टायर बदलून झाल्यावर जुन्याचा प्रश्न उरतो. दुकानदार तो मागतो आणि मालक देत नाही. काही टायर गोठ्याच्या पत्र्यावर वाऱ्याला वजन म्हणून जातात, काही शाळेच्या बागेत रंगीत होऊन बसतात, काही रास्ता रोकोची वाट बघत घरामागे पडतात. त्या सर्वांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा जुना टायर दुकानातच सोडावा. घरी आणायचाच असेल तर पत्र्यावर चढवण्यापूर्वी त्याला खालच्या बाजूने चार भोके पाडावीत.